व्हेर्न्योचा तिसरा भाग

आंसेल्म व्हेर्न्यो फ्रान्समधल्या आमच्या ओरियाक गावच्या शाळेत शेवटच्या वर्षाला तत्त्वज्ञान शिकवायचा. भिंतीपलीकडे माझा भूगोल चाले, त्यामुळे त्याचा तास मला फुकट ऐकू येई. फळ्यावर प्रश्न असायचा: माणूस सुखासाठीच जगतो का? मग निबंधाच्या पहिल्या भागात हो, दुसऱ्यात नाही, आणि तिसऱ्यात या दोन्हींच्या पलीकडे कुठेतरी. जूनच्या परीक्षेत चार तास हेच लिहायचं असतं. पहिल्याच ओळीत उत्तर देणाऱ्याला तो वीसपैकी सहा द्यायचा.

पन्नाशीपर्यंत हा माणूस जगलाही असाच. शाळेच्या खानावळीत "चीज की गोड?" असं विचारलं, की त्याच्यामागची रांग हताश व्हायची.

"अरे, चीज घे ना," मी एकदा म्हणालो.

"निष्कर्षाकडे धावायचं, हा तुम्हा भूगोलवाल्यांचा दोष."

शाळेची बस सोलांज प्रादेल चालवायची. ती गॅरेजमधलं काम शिकलेली. त्या शिक्षणात तत्त्वज्ञान नसतं. दोन वर्षं ती आंसेल्मबरोबर रोज समोरच्या कॅफेत कॉफी घेत होती. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी बस सुटायच्या जरा आधी तिने कप खाली ठेवला. मी शेजारच्याच टेबलावर होतो.

"हे बघ, मला आता एकटीने जेवायचा कंटाळा आलाय. लग्न करतोस का माझ्याशी?"

आंसेल्मचा चेहरा उजळला. त्याने लग्नाच्या बाजूची कारणं मांडली, आणि इतकी सुंदर मांडली की कॅफेवाला कप पुसायचा थांबला. मग त्याने श्वास घेतला. "परंतु," तो म्हणाला, आणि एकांताची थोरवी, सवयीने मरणारं प्रेम, दोन माणसांमधलं न ओलांडता येणारं अंतर असं बोलत सुटला. सोलांजने घड्याळ पाहिलं, किल्ल्या उचलल्या.

"कळलं," म्हणून ती निघून गेली.

माझं घर तिच्याच वाटेवर, म्हणून मी बसमध्ये चढलो. ती गिअर असे टाकत होती की मुलं गप्पच झाली. शेवटी मागून आंसेल्मच्या वर्गातली क्लेमांस नावाची मुलगी म्हणाली, "काय झालं, मादाम?"

"तुमच्या सरांनी नाही म्हटलं."

"कधी? 'परंतु'नंतर?"

"हो."

"अहो मादाम, तो दुसरा भाग. तिसरा राहिला की."

"त्यात काय असतं?"

"ते आम्हालाही नीट कळत नाही. पण सरांचं खरं मत तिथेच असतं."

तिने वळणावर बस फिरवली. आंसेल्म कॅफेच्या दारात उभा होता. उत्तर अर्धं राहिलेल्या माणसाइतकं एकाकी मी दुसरं काही पाहिलेलं नाही. बसचं दार उघडलं. इंजिन चालूच होतं.

"बोल. हो की नाही?"

"त्यासाठी आधी लग्न म्हणजे काय, हे—"

अख्खी बस कण्हली. दार मिटू लागलं.

"हो," तो म्हणाला.

त्या शब्दाला मागेपुढे कसलाच आधार नव्हता. तो स्वतःच दचकला, आणि अर्धवट मिटलेल्या दारातून अंग चोरून आत शिरला.

"सर, सहा मार्क," मागून कुणीतरी म्हणालं.

"पाच," आंसेल्म म्हणाला. "कारणं दिलेली नाहीत."

"खाली बस," सोलांज म्हणाली. "कारणं घरी सांग."