कुठे दुखतंय

आमची गाडी मागच्या डाव्या कोपऱ्यात बसली होती, दमलेल्या म्हशीसारखी. डॅशबोर्डवर हवेवर चालणाऱ्या सस्पेन्शनचा पिवळा दिवा लागलेला. गॅरेजवाला म्हणाला होता, सेन्सर बदला. यांना ते पटलं नाही. "दिवा नुसता ओरडतो, कुठे दुखतंय ते सांगत नाही," असं म्हणत हे पार्किंगमध्ये गोणपाट अंथरून तिच्या चाकाशी बसले.

मी चहा घेऊन शेजारी उभी. मीटरच्या पिना लावून हे सेन्सरची वायर बोटाबोटाने हलवत होते. "इथे? नाही. बरं, इथे?" इतका मऊ आवाज या माणसाकडे आहे, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात माहीत नव्हतं.

त्या आवाजाचाच मला हेवा वाटला. दिवाळीपासून माझा गुडघा दुखतोय आणि त्यावर यांचं एकच उत्तर, बाम लाव. कुणी असं बोटाबोटाने विचारत गेलं, तर निम्मं दुखणं विचारण्यातच उतरेल. पण माणसाला तोंड असतं ना, म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

"सापडलं," हे म्हणाले. "वरून धड दिसतेय, आत तार तुटलीय. हलवल्याशिवाय कळलंच नसतं." तार जोडून इंजिन सुरू केलं, तशी ती हळूहळू उठून उभी राहिली. यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

गार झालेला चहा मी तिच्याच टपावर ठेवला आणि जिना चढू लागले. पहिल्याच पायरीवर गुडघा कटकन वाजला. यांनी चटकन मान वर केली, आणि मागच्या चाकावर हात ठेवून काळजीने विचारलं, "आता काय झालं तुला?"