दामूकाका रस्ता सांगत होते

या सदरातले अनुभव मी आजवर दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना हसायला म्हणून वाचत आले. पांढरी साडी, उलटे पाय, हायवेवर लिफ्ट मागणारी बाई… वाचायचं आणि शेजारच्या दुकानातल्या वहिनींना मीठमसाला लावून सांगायचं. आता मीच इथं लिहायला बसलेय म्हटल्यावर त्या वहिनी मला सोडणार नाहीत, हे माहीत आहे. चालेल. एक मात्र आधीच सांगते – मी भूत वगैरे काही बघितलेलं नाही. त्याच्यासाठी वाचत असाल तर पान उलटा.

आमचं सोलापुरात शुक्रवार पेठेत टॉवेल-चादरींचं दुकान आहे. दुकान सासरचं. माहेर श्रीपूरचं, साखर कारखान्याच्या कॉलनीतलं. माझे वडील, अप्पा, कारखान्यात पॅनवर होते – म्हणजे जिथं रस आटवून साखरेचा दाणा धरतात तिथं. शेजारच्या क्वार्टरमध्ये दामूकाका. ते फिटर, मूळचे देवगडकडचे. ताटात भात-मासे नाहीत म्हणून तोंड पाडून आमच्या आईची भाकरी खाणारा हा माणूस पुढं इतका बदलला, की भाकरी कडक झाली नाही तर आईलाच बोलायचा. दोघांची उभी नोकरी बरोबर गेली. पॅनच्या आवाजात एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलायची सवय दोघांना इतकी लागली होती, की घरी ओट्यावर बसले तरी कानातच बोलायचे. आई म्हणायची, "ह्यांचं काय गुपित असतंय देव जाणे."

रिटायर झाल्यावर दामूकाका गावी गेले. जाताना अप्पांना म्हणाले, ये एकदा. अप्पा म्हणाले, येतो की, पावसाळ्यात.

हे पावसाळ्याचं बाहेरच्यांना कळणार नाही. कारखान्याचं गाळप दिवाळीच्या सुमाराला सुरू होतं आणि उन्हाळ्यापर्यंत चालतं. तेवढ्यात कुणी मेलं तरच सुट्टी. त्यामुळे कारखान्याच्या माणसाचे सगळे पाहुणे-रावळे, गाठीभेटी पावसाळ्यात. नोकरी सुटली तरी अप्पांची ही सवय सुटली नाही. दरवर्षी पावसाळा आला की "यंदा दामूकडं जायचंच," आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. एकदा गुडघा, एकदा आईचं आजारपण, मग आई गेली आणि अप्पा आमच्याकडे सोलापुरात राहायला आले, मग कोरोना… फोनवर बोलणं व्हायचं, पण दोघांनाही फोनवर बोलता येत नाही. "बरं हाय का?" "बरं हाय." झालं.

गेल्या पावसाळ्यात अप्पा स्वतःहून म्हणाले, "आता लांबवायचं न्हाय. त्याला बघून येऊ." अठ्ठ्याहत्तरी उलटलेला माणूस असं म्हणतो तेव्हा पुढचं वाक्य काय असतं ते आपल्याला कळतं. मी मिस्टरांना दुकान बंद ठेवायला लावलं.

निघण्याआधी मी म्हटलं, फोन करून कळवते. दोन महिने तिकडचा फोन लागत नव्हता, पण त्यांच्या मुलाचा नंबर कुठून तरी मिळवला असता. अप्पांनी साफ नाही म्हटलं. "कळवून जातो तो पाव्हणा. मी काय पाव्हणा हाय व्हय?" आमच्याकडची ही जुनी मिजास. न सांगता दारात उभं राहायचं आणि समोरच्याचं तोंड बघायचं. आणि फोन का लागत नाही याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं – "रेंज नसंल तितं. कोकण हाय ते." मलाही ते पटलं.

मिस्टर गाडी चालवायला, अप्पा त्यांच्या शेजारी, मी मागं कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या पिशव्या सांभाळत. रात्री कोल्हापुरात नणंदेकडे मुक्काम केला आणि सकाळी चहा घेऊन निघालो. गगनबावड्याला पोचेपर्यंत समोरच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसेनात इतकं धुकं. पुढं दोन घाट फुटतात. मिस्टरांनी करूळचा रस्ता धरला, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "जावईबापू, उजवीकडचा घ्या. हा बंद हाय."

बोर्ड कुठं असेलही, धुक्यात दिसला नाही. मिस्टर जावई असल्यामुळं काही न बोलता वळले. थोडं पुढं चहाच्या टपरीवर एक ट्रकवाला भेटला, तो म्हणाला, बरं केलंत, करूळला काम चाललंय. आम्हाला वाटलं अप्पांना कोल्हापुरात कुणी सांगितलं असेल.

भुईबावड्याचा घाट उतरायला लागलो. अप्पांचं डोकं जरासं डावीकडे कललेलं, डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं डुलकी लागली. तर म्हणाले, "म्होरल्या वळणावर माती आलीया. आतल्या अंगानं घ्या." वळण घेतलं आणि खरंच, दरडीची लाल माती अर्ध्या रस्त्यावर पसरलेली. मिस्टरांनी आरशातून माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "अप्पा, तुमच्या अंगात गूगल आलंय काय?"

अप्पा म्हणाले, "दामू सांगतोय की."

आम्ही दोघं हसलो. अप्पा हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. मला वाटलं, इतकी वर्षं दामूकाकांच्या तोंडून या रस्त्याचं वर्णन ऐकलंय, तेच आठवत असेल. म्हाताऱ्या माणसांचं असं होतं.

आता धबधब्याचं सांगते. सोलापूरच्या माणसाला घाटातनं नेऊ नये. आमच्या नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही. आम्ही बादलीचं पाणी आधी तोंडाला, मग भाजीला, मग फरशीला वापरणारी माणसं. अशा माणसाला डोंगराच्या अंगावरनं फुकट वाहून जाणारं पाणी दाखवलं की त्याचं डोकं फिरतं. घाटात स्थानिक माणसं सरळ गाडी हाणत पुढं जातात. थांबलेली एमएच-तेरा नंबरची गाडी म्हणजे सोलापूरची, हे डोळे मिटून ओळखावं.

मी ओरडलेच, "थांबवा, थांबवा."

मिस्टरांनी अप्पांकडं बघितलं.  अप्पांचे ओठ हलले, मला मागून दिसले. मग म्हणाले, "थांबा. उतरू दे तिला."

मी उतरले. चपला गाडीत ठेवल्या, साडी खोचली आणि सरळ पाण्याखाली जाऊन उभी राहिले. माझं वय पन्नास, सोबत कोरडी साडी एकच, मागं गाड्या हॉर्न देतायत… काही म्हणजे काही सुचत नव्हतं. मिस्टर फोटो काढत होते. मग कणीस खाल्लं. मग पुढच्या वळणावर दुसरा धबधबा दिसला, तिथंही थांबले. अप्पा काच खाली करून आतूनच माझ्याकडं बघत बसले होते. चेहरा खुशीत होता. तो चेहरा माझ्या मिस्टरांच्या मोबाइलमध्ये आहे, आणि तो फोटो मी आता उघडत नाही.

घाट उतरून तळेऱ्याहून विजयदुर्गकडे निघालो. जांभ्या दगडांच्या कुंपणाचे गडगे, आंब्याच्या बागा, मधनंच खाडीचा तुकडा. मोबाइलचा नकाशा कधीच गोल फिरत बसला होता. पण अप्पा सांगत होते – "देवळापाशी डावीकडं." "पूल नवा हाय, जुन्यावरनं जाऊ नका." मिस्टरांनी आता विचारणंच सोडून दिलं होतं. मी मागं ओल्या साडीत कुडकुडत बसले होते आणि खरं सांगते, मजा वाटत होती. भीती अजिबात नव्हती.

मग एका तिठ्यावर अप्पा म्हणाले, "जरा थांबा."

थांबलो. पाऊस काचेवर बदाबदा पडत होता. मिस्टर म्हणाले, "अप्पा, कुठल्या अंगाला?"  अप्पांनी मान आणखी डावीकडं कलवली, कानामागं हात धरला. कारखान्यात पॅनचा आवाज वाढला की ते असंच करायचे.

"अप्पा?"

"आता सांगंना झालाय," अप्पा म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तसेच बसून राहिलो. शेवटी गवताचा भारा घेतलेली एक बाई आली. तिला दामूकाकांचं नाव सांगितलं. तिनं आमच्याकडं जरा विचित्र बघितलं आणि उजवीकडची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, दाखवली.

अंगणात माणसं जमलेली होती. चार-पाचच, पण घरात काय झालंय ते कळायला चार-पाच पुरतात. दामूकाकांना ओटीवर घेतलेलं होतं. अंग अजून गार पडलं नव्हतं. अर्धा तास होत होता म्हणाले.

अप्पा त्यांच्या शेजारी भुईवर बसले.  अप्पांनी शर्टाच्या आतल्या खिशातनं विभूती काढली आणि दामूकाकांच्या कपाळाला लावली. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलले. बराच वेळ बोलत होते. मला तिथं उभं राहवेना.

मागच्या पडवीत दामूकाकांच्या सूनबाई होत्या. रडून डोळे सुजलेले. मला बघून म्हणाल्या, "तुमी सोलापूरसून इलात मा?"

आम्ही कोण, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, "बाबा सकाळधरना सांगत होते, सोलापूरची माणसां येतत म्हणान." मग माझ्यासाठी सावकाश, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायला लागल्या. दामूकाका दोन महिने अंथरुणाला खिळून होते. शेवटच्या आठवड्यात बोलणंही बंद झालं होतं. त्या दिवशी सकाळी मात्र अचानक बोलायला लागले. आणि बोलणं कसलं – उजवीकडचा घ्या, माती आलीया, देवळापाशी डावीकडं. सूनबाई म्हणाल्या, "हा तुमच्याकडचा हेल त्यांच्या तोंडात मी कधी ऐकला नव्हता. घरात ते आमच्यासारखंच बोलायचे. मला वाटलं, वात झाला." त्यांनी विचारलं होतं, बाबा, कोणाशी बोलता? तर म्हणाले, गाडी चुकंल त्यांची.

करूळ घाटाचं काम मी समजू शकते. जुन्या रस्त्याची आठवणही समजू शकते. पण अंथरुणावरच्या माणसाला त्या सकाळी पडलेली माती कशी कळली, आणि ती अप्पांना गाडीत कशी कळली? माझा भाचा डॉक्टर आहे. त्याला विचारलं. तो म्हणाला, आत्या, योगायोग, आणि दुःखात माणूस मागाहून जुळवून घेतो. म्हटलं बरं. मिस्टरांना विचारलं तर ते म्हणाले, गाडी मी चालवत होतो, जुळवायला मला वेळ कुठं होता.

आम्ही त्या रात्री तिथंच राहिलो. सकाळी निघताना सूनबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, एक विचारू का? घाटात तुम्ही कुठं थांबला होता का?

मी हो म्हटलं.

त्या म्हणाल्या, "मध्येच बाबा हसले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, 'पोरगी थांबा म्हणतीया व्हय? थांब की मग. भिजू दे तिला. मी कुटं जातोय?'"

परतीच्या घाटात धबधबे तसेच कोसळत होते. मी खिडकीची काच वर घेतली. अप्पा पुढं बसले होते, मान सरळ. एकाही वळणावर बोलले नाहीत.

हे सूनबाईंचं बोलणं मी अप्पांना बरेच महिने सांगितलं नाही. दिवाळीनंतर एका दुपारी न राहवून सांगितलं. अप्पा शेंगा फोडत बसले होते. फोडायचे थांबले. म्हणाले, "असंच म्हणला. मी म्हणलं, दामू, उशीर हुईल. तर म्हणला, मी कुटं जातोय."

"तुम्हाला कळलं नव्हतं का अप्पा, तिकडं काय चाललंय ते?"

"न्हाय. आवाज चांगला खणखणीत होता त्याचा."

एवढं बोलून परत शेंगा फोडायला लागले. मला त्यांनी कधी एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी आता हसणार नाही. फक्त एक करा – लवकर पोचला असता तरी ते गेलेच असते, असं लिहून माझी समजूत काढू नका. ते मलाही कळतं. त्यांना वाचवायचं नव्हतं मला. अप्पा जे त्यांच्या कानात बोलले, ते त्यांना ऐकू जायला हवं होतं.