स्टार्टरच्या पेटीतलं मोहोळ

माझं डोकं तापायला कारण लागत नाही. त्या दिवशी तर कारणही होतं. रिठदच्या आमच्या शेतात बियाण्याच्या कांद्याचे गोंडे नुकतेच उमलू लागले होते, लाइट आली होती आणि विहिरीवरची मोटार काही सुरू होईना. लाइट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून ऑटोवर टाकल्यापासून स्टार्टरची पेटी मी महिनाभर उघडलीच नव्हती. रागारागानं दार ओढलं आणि दोन पावलं मागं सरलो. आत मधमाश्यांनी घर केलं होतं.

मी चिंध्या आणि डिझेल आणायला निघालो, तर बायको आडवी आली.

"ज्यायची वाट पाहून राह्यलो, त्यायलेच जाळता काय? माश्या नसल्या तं गोंड्यात बी कुठून भरन?"

मी डिझेलचा नाद सोडला. मागच्या साली फुलकिडे पडले म्हणून ऐन फुलात, भर उन्हात मी फवारा मारला होता. माश्या मेल्या, गोंडे पोचट राहिले. हवामानानं घात केला असं मी गावभर सांगितलं. बायकोलाही तेच सांगितलं.

ती तिच्या कामाला गेली. मी मात्र पेटीसमोर उकिडवा बसून राहिलो. मेणाची सहा-सात पानं एकामागं एक लोंबत होती आणि दोन पानांमध्ये माश्यांना जायला-यायला पुरेल एवढीच वाट ठेवलेली. एकीचे पाय दुसरीनं धरून त्यांची साखळी लोंबत होती. पोटातून सुटलेलं मेण तोंडानं मळून नवी भिंत चढत होती. प्रत्येक खण सहा बाजूंचा, शेजारच्याला चिकटून, मध्ये रेघभर जागा वाया नाही. मला दोरी लावल्याशिवाय एक सरी सरळ ओढता येत नाही आणि यांनी हे बंद पेटीतल्या अंधारात केलं होतं! कुणी मुकादम नाही, कुणाची आरडाओरड नाही. मी अक्षरशः थक्क झालो. मग मला माझी लाज वाटली.

दुपारी वायरमनला बोलावलं. खांबावरून लाइन बंद करून त्यानं दुसऱ्या खांबावर नवी पेटी बसवली. "एवढ्याशा माश्यांसाठी?" म्हणून तो हसला. मी चक्क चिडलो नाही. जुनी पेटी आम्ही माश्यांना सोडली. पुढं महिनाभर प्लॉट नुसता घुमत होता आणि मी फवाऱ्याला हात लावला नाही.

गोंडे वाळले तेव्हा एक तोडून तळहातावर चोळला. काळंभोर बी ओंजळीत सांडलं. बायको शेजारीच होती. मला राहवलं नाही.

"मांगच्या साली हवामान नव्हतं. म्याच मारलं त्यायले."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "वावराच्या धुऱ्यावर, बांधावर खच पडला होता मेलेल्या माश्यायचा. तुमाले दिसू नये म्हून म्याच पुरल्या."