पत्र्यावरचं मॉडर्न आर्ट

आमच्या घरातल्या पहिल्या कलाकृतीला हात लावायची कोणाची हिंमत झाली नाही, म्हणून आम्ही सगळे आज जिवंत आहोत.

ती मी बर्डीच्या बाजारातून आणली होती. पत्र्यावर छापलेलं मॉडर्न आर्ट! पिवळ्या रंगावर लाल वाकडीतिकडी रेघ, खाली पांढरा गोळा आणि त्यात दोन काळी भोकं. (अर्थ मलाही कळला नव्हता, पण दुकानदारासमोर मी गंभीरपणे मान डोलावली होती.) दुसऱ्या दिवशी काटोलचे पाहुणे माझ्या बहिणीला, सुमनला, बघायला येणार होते. आधीची दोन स्थळं मोडलेली. म्हटलं, भिंतीवर जरा कला दिसू दे!

"हे काय भूत आणलं रे?" आई म्हणाली.

"आई, हे समजाले नजर लागते!"

भिंत इतकी टणक, की तीन खिळे वाकले. तेव्हा लाइटची वायर भिंतीवरच्या लाकडी पट्टीतून जायची. मी चौथा खिळा सरळ त्या पट्टीतच ठोकला. काय सुरेख शिरला! तेव्हा नेमकी लाइट गेलेली होती, त्यामुळे चित्रही आरामात टांगलं.

पाहुणे आले. मुलाचे वडील रिटायर्ड लाइनमन. चित्र दिसताच ते उंबऱ्यातच थिजले.

"थांबा! कोणी हलू नका! घरात डेंजर बोर्ड काहून लावला गा?"

"चित्र आहे हो ते!" मी हसून हात पुढे केला.

"हात लावू नको!"

ते असे ओरडले की माझा हात हवेतच राहिला. त्यांनी खिशातून टेस्टर काढून पत्र्याला टेकवला. टेस्टरचा दिवा लागला की हो! खिळ्यातून पत्र्यात करंट उतरला होता.

आई मटकन खाली बसली. "अवं माय! सकाळी ओल्या फडक्यानं पुसाले गेली होती मी! त्या भुताले भेऊनच नाही पुसलं!"

मी भीतीनं "सुमन, सुमन" एवढंच ओरडत होतो. तिनं पोह्यांचा ट्रे खाली ठेवला, शांतपणे जाऊन मेन स्विच बंद केला आणि म्हणाली, "काढा आता, काका."

काकांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं तर केव्हाच होकारार्थी मान हलवली होती.

"पोरगी पसंत हाय! फक्त ह्या भावाच्या हाती हातोडी देऊ नका."

लग्नात व्याह्यांनी एकच वस्तू मागून नेली: माझं चित्र. आता ते त्यांच्या संत्र्याच्या बागेत, विहिरीच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीवर लावलंय. चोर फिरकत नाहीत. त्या चित्राचा अर्थ अख्ख्या काटोलला बघताक्षणी कळतो. न कळलेला मी एकटाच!