मोठ्या सरांचं कॉलेज

मोठे सर दाराकडे पाठ करून कधी बसत नसत. ऑफिसात, वर्गात, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते भिंतीला टेकून बसत आणि बोलता बोलता त्यांची नजर दारावरून फिरून येई. मी मराठीचा प्राध्यापक म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी हे लक्षात आलं. जुनी सवय असेल, असं वाटलं. आठवड्याभरात हेडक्लार्कने सांगितलं की आदल्या वर्षी ऑफिसच्या खिडकीतून दगड आला होता. सरांच्या मानेपासून तो वीतभर अंतरावरून गेला होता.

आमचं कॉलेज पवनीच्या रस्त्यावर, एका बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीला लागून होतं. पलीकडे सगळे धानाचे बांधे. आसपासच्या बौद्ध वस्त्यांनी ते उभं केलं होतं. त्यांची मुलं भंडाऱ्याला शिकायला जात, पण आडनाव सांगितलं की भाड्याची खोली मिळत नसे. म्हणून आधी वसतिगृह झालं आणि मग कॉलेज. जवाहरनगरच्या कारखान्यातले कामगार रविवारी सायकलींवर येऊन विटा रचत. बाया माती कालवत. पोरांच्या जेवणासाठी घराघरातून सुपाने तांदूळ येत. सर स्वतः त्याच कारखान्यात कारकून होते. एम.ए. झाल्यावर त्यांनी ती पक्की नोकरी सोडली, क्वार्टर सोडलं आणि बायको-मुलींना घेऊन वसतिगृहाच्या टोकाच्या दोन खोल्यांत राहायला आले.

नवीन विद्यार्थ्याला ते उभं करून नाव विचारत. बहुतेक मुलं पहिलं नाव पुटपुटून खाली बघायची.

"पूर्ण सांग," सर म्हणत. "बापाचं नाव सांग, आडनाव सांग, गाव सांग. इथं तुले कोणी खोली नाही म्हणणार नाही."

आसगावहून आलेल्या एका मुलीला आडनाव उच्चारायला तीन दिवस लागले. पुढे ती नर्स झाली. दहा वर्षांत या कॉलेजातून शिक्षक निघाले, ग्रामसेवक निघाले, एक जण ओव्हरसियर झाला. ज्या वस्तीतल्या माणसांना आलेलं पत्र वाचून घ्यायला दुसऱ्याच्या ओट्याखाली उभं राहावं लागे, तिथली पोरं आता गावाचे अर्ज लिहून देऊ लागली. काही लोकांना नेमकं तेच खुपत होतं.

मी कुणबी. आमचं गाव कॉलेजपासून दोन कोसांवर. नेमणूक करताना सरांनी मला एवढंच विचारलं, "घरी चालन का?" मी हो म्हणालो, पण ते पूर्ण खरं नव्हतं. वडील लवकर गेल्यामुळे घर काकाजींच्या शब्दावर चालायचं आणि काकाजींना माझी नोकरी आवडली नव्हती. तरी त्यांची मुलगी शालू आमच्याच कॉलेजात बारावीला होती, कारण दुसरं कॉलेज लांब होतं. आमच्यासारख्या घरांतली आणखीही पंधरा-वीस मुलं होती. कुणी त्याबद्दल विचारलं की सर म्हणत, "ज्याईले वर्गात बसू दिलं नाही, त्याईनं हा वर्ग बांधला. इथं कोणीही बसन."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. राज्याच्या दुसऱ्या टोकाकडून वस्त्या जाळल्याच्या बातम्या पेपरात येऊ लागल्या, आणि आमच्याकडची हवा बदलली. दुकानदार वसतिगृहाला रॉकेल द्यायला कुरकुर करू लागला. पाळीवरून येणाऱ्या वाटेवर कोणी काटे आणून टाकले. विहिरीत मेलेलं कुत्रं सापडलं. मग ऑफिसच्या दाराखालून चिठ्ठ्या सरकवल्या जाऊ लागल्या. सर प्रत्येक चिठ्ठीवर आवक क्रमांक घालून ती फाइलला लावत. "पत्र आलं, नोंद झाली पाहिजे," ते हेडक्लार्कला म्हणत. शेवटच्या चिठ्ठीत दोनच शब्द होते: मंडईपर्यंत थांबा. मंडई म्हणजे दिवाळीनंतर भरणारी आमच्याकडची जत्रा; तिथे दंडारीचे, म्हणजे लोकनाट्याचे, खेळ होत.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. दुपारी ढाब्यावर, म्हणजे घराच्या माळ्यावर, चढून जुनी पुस्तकं काढत होतो. खाली अंगणात काकाजी आणि गावातले दोघं बसले होते. मी वर आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"मंडईच्या दिवशी सारे पोट्टे दंडार पाहाले जातात," एक जण म्हणाला. "होस्टेल खाली राहते."

"छपराच्या कवेलूखाली बांबूच हाये. वेळ नाही लागत," दुसरा म्हणाला.

मग काकाजींचा आवाज आला, "शालूची परीक्षा तरी होऊ द्या."

त्यावर ते दोघं हसले. काकाजी हसले नाहीत, पण त्यांनी नाहीही म्हटलं नाही.

ते उठून गेल्यावर मी खाली आलो, सायकल काढली आणि थेट कॉलेज गाठलं. सर व्हरांड्यात भिंतीला टेकून पेपर तपासत होते. कुठे ऐकलं ते सोडून मी सगळं सांगितलं. नावं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"नावं नका सांगू."

"पण सर, पोलिसांत द्यायचं तर..."

"पोलिसाईले दिवस सांगतो. नावं नका सांगू."

मला त्यांचा रागच आला. घरच्या माणसाविरुद्ध तोंड उघडायला मी दोन कोसांत सगळं बळ गोळा केलं होतं.

मंडईच्या दिवशी सरांनी एकाही मुलाला दंडार पाहायला जाऊ दिलं नाही. पालकांना निरोप गेले. जवाहरनगरहून कामगार आले. कारध्यापासूनच्या वस्त्यांतली बाया-माणसं लेकरांसह आली. दोन शिपाई फाटकाशी बसले. मैदानात चुली पेटल्या, भात शिजला. दुपारी चारच्या सुमारास पाळीवर माणसं दिसू लागली. तीस-चाळीस तरी असतील. ती नुसती उभी राहिली. सर खुर्ची घेऊन मैदानाच्या मधोमध, पाळीकडे तोंड करून बसले आणि मुलांची तोंडी परीक्षा घेऊ लागले. एकेक मूल उभं राहून नाव-गाव सांगत होतं आणि उत्तर देत होतं. पाळीवरच्या माणसांना ते स्वच्छ ऐकू जात असणार. ऊन कलल्यावर ती माणसं पांगली.

सगळ्यांना वाटलं, टळलं. सरांना तसं वाटलं नव्हतं. "ते मोजून गेले," एवढंच ते मला म्हणाले.

पंधरवडा उलटला. शिपाई परत गेले, कामगार कामावर गेले. एका भर दुपारी, सगळे वर्ग चालू असताना, ग्रंथालयाच्या छपरातून धूर निघाला. मुलं बाहेर पळाली. दोघी मुली आत राहिल्यात असं कोणी तरी ओरडलं आणि सर आत घुसले. मुली आत होत्या, पुस्तकं उचलत होत्या. सरांनी दोघींना ढकलत बाहेर काढलं, तेवढ्यात मागून जळता बांबू खाली आला. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. छातीत गेलेला धूर पुढे कधीच पुरता निघाला नाही. पंचनाम्यात आगीचं कारण अज्ञात असं लिहिलं गेलं.

दुसऱ्या दिवशी मोहाच्या झाडाखाली वर्ग भरला. हाताला पट्ट्या बांधलेले सर हजेरी घ्यायला उभे होते. जळक्या पुस्तकांचा वास सगळीकडे होता. शालू आली होती. तिच्या गालावर बोटं उमटली होती. नाव पुकारल्यावर ती उठली आणि वडिलांचं नाव, आडनाव, गाव असं सगळं सांगून म्हणाली, "हजर." सरांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचं नाव घेतलं.

ग्रंथालय पुन्हा बांधलं गेलं, या वेळी सिमेंटच्या छताचं. आसपासच्या वस्त्यांनी पुन्हा विटा वाहिल्या. सर डाव्या हाताने सही करायला शिकले. त्यांच्या वाकड्या सहीचे दाखले घेऊन मुलं नागपूरपर्यंत गेली. दुसऱ्या वर्षी शालू शिक्षिकेच्या कोर्सला लागली. काकाजींनी तिला अडवलं नाही.

पाच-सहा वर्षांनी खोकला वाढून सरांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो. इतकी वर्षं अडलेलं बोलून टाकावं म्हणून मी सुरुवात केली, "सर, त्या दिवशी आमच्या अंगणात..."

"मले त्याच दिवशी समजलं," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगाले माणूस एवढा कापत नाही."

"मग विचारलं काहून नाही?"

त्यांना दम लागला होता. थांबून ते म्हणाले, "विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. मंग संध्याकाळी घरी कसे गेले असते?"

आठ दिवसांनी सर गेले. कॉलेजच्या मैदानात एवढी माणसं जमली की पाळीवरही उभं राहायला जागा उरली नाही. त्या गर्दीत काकाजी होते. ते शेवटपर्यंत थांबले. आम्ही दोघं दोन कोस एकत्र चालत घरी आलो. आगीच्या दुपारी ते कुठे होते, हे मी त्या वाटेवर विचारू शकलो असतो. विचारलं नाही. पुढे बारा वर्षं आम्ही एकाच पंगतीला जेवलो आणि मी ते कधीच विचारलं नाही.