अल्पशा आजाराने

वर्तमानपत्राच्या कचेरीत मी आणि वेलांटीभाऊ बावीस वर्षं एका टेबलाशी बसलो. मी मूळ मजकूर मोठ्याने वाचायचो, ते छापील प्रतीवरच्या चुका धरायचे. चुकलेली वेलांटी दिसली की घासात खडा आल्यासारखं तोंड करायचे, म्हणून हे नाव. माणूस खडूस. मला फार आवडायचा.

भाऊंना पन्नासावं लागलं त्या वर्षी कचेरीत सगळ्यांचं रक्त तपासलं. त्यांच्या कागदावर आलं, 'कोलेस्टेरॉल किंचित वाढलेले.' भाऊ खूश. "किंचित! शब्द कसा तोलून वापरलाय बघ."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात लहान वयात हृदयविकाराने कुणी गेलंय?"

"वडील गेले एक्केचाळिसाव्या वर्षी. पण अल्पशा आजाराने."

"म्हणजे कशाने?"

"पेपरात तसंच छापून आलं होतं."

मी शेजारी उभा होतो, मला हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. "तेलकट कमी करा, रोज चाला, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. आणि आईला नीट विचारून या. वडिलांचं हृदयाचं असेल तर नुसत्या चालण्यावर भागणार नाही, गोळीचा विचार करावा लागेल."

भाऊ तीन आठवडे चालले. दुखत-खुपत काहीच नव्हतं, मग चालणं सुटलं. आईला विचारलंत का म्हटलं, तर म्हणाले, "म्हातारीला कशाला जुनं उकरायला लावू?" मीही पुन्हा विषय काढला नाही. त्याची लाज वाटते.

पाच वर्षांनी, कचेरीचा जिना चढताना, ते छाती धरून पायरीवर बसले ते उठलेच नाहीत.

दुपारी त्यांच्या घरी गेलो. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "ह्याचे वडील असेच गेले रे, छाती धरून. दीर म्हणाले, खरं छापलं तर पोरांची लग्नं अडतील."

संध्याकाळी भाऊंच्या निधनाची बातमी तपासायला माझ्याच टेबलावर आली. त्यांच्या मेहुण्यांनी लिहून दिली होती. समोरची खुर्ची रिकामी, म्हणून स्वतःशीच वाचली. 'अल्पशा आजाराने निधन.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

भाऊंच्या मुलीला फोन केला. आजी काय म्हणाली ते सांगितलं, आणि विचारलं, "हे दोन शब्द खोडू का?"

ती म्हणाली, "खोडा काका. हृदयविकाराने लिहा." आणि मग विचारलं, "माझं रक्त कुठे तपासायचं?"