जमादारानं विचारलेलं नाव

एकाहत्तरची लढाई नेमकी कशासाठी झाली, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. पुढं बालवाडीत शिकवायला लागले, नकाशा भिंतीवर टांगला, तरी अर्धवटच कळलं. पूर्वेला एक नवा देश व्हायचा होता म्हणे. मग फौजेतले आमचे मालक पश्चिमेला कामून? असं विचारलं की सासरे वैतागायचे. मी त्यांना मामा म्हणायची. "आग एकीकडून लागली तरी पाणी चारी बाजूनं मारावं लागतंय," म्हणायचे. ऐकताना पटायचं आणि घटकाभरानं पुन्हा डोक्याचा भुगा.

आम्ही दुबलगुंडीचे. राज्य म्हैसूरचं, कचेरीतले कागद कानडी, घरात बोलणं मराठी. मामा निजामाच्या अमलात तहसिलीत चपराशी होते, म्हणून त्यांना उर्दू यायचं. मी माहेरी मराठी सातवी केलेली. घरात कागद आला की तो कुणी वाचायचा, याचीच आधी पंचाईत. मालक फौजेत शिपाई होते. शेवटच्या सुट्टीत त्यांनी चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर आणला आणि कोनाड्यात ठेवला. "बॅटरी जपून वापरा," एवढं सांगून गेले. रेडिओ ठेवायला सरकारी लायसन काढायचं असतं, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

लढाई लागली तशी दिवेलागणीला आमच्या अंगणाला गर्दी व्हायला लागली. ज्यांनी आमच्या बौद्ध वस्तीत कधी पाऊल टाकलं नव्हतं ते लोकसुद्धा कुडाला टेकून बातम्या ऐकायचे. पाणी मात्र मागायचे नाहीत. मी मुद्दाम विचारायची, "पाणी देऊ का, पाटील?" ते म्हणायचे, "नगं, आत्ताच पिऊन आलोय." रोज आत्ताच पिऊन यायचे, मेले.

दिल्लीवाले सांगायचे, इतके रणगाडे फोडले, इतकी विमानं पाडली. लोक टाळ्या पिटायचे. माझी सासू, म्हणजे आत्या, चुलीपुढनं ओरडायची, "आरं पण माझ्या लेकराचं काय?" लेकराचं दिल्ली काही सांगत नव्हती. महिनाभर पत्र नव्हतं. आधीच्या पत्रांवर गावाचं नावच नसायचं, नुसते आकडे. कुठं आहेत ते सरकारला आणि त्यांना माहीत.

मग हुमनाबादच्या बाजारात कुणीतरी मामांच्या कानात सांगितलं, पलीकडचा रेडिओ आपल्या पकडलेल्या जवानांची नावं वाचून दाखवतो. त्या दिवसापासून बातम्या संपल्या, माणसं पांगली, की मामा काटा फिरवायचे. खरखर व्हायची, मग उर्दू यायचं. फलाना, वल्द फलाना, मौजा, जिल्हा. मामा कान लावून बसायचे. मी आणि आत्या त्यांच्या तोंडाकडं बघायचो.

काय मागावं तेच कळायचं नाही. नाव आलं तर माणूस दुश्मनाच्या हातात, पण जिवंत. नाही आलं तर एक तर सुखरूप, नाही तर... पुढचं आम्ही बोलत नव्हतो. आत्या म्हणायची, "येऊ दे बाई नाव." लगेच म्हणायची, "न्हाई, नगं येऊ." माझंही तसंच.

पाच-सहा दिवस असे गेले. एका दुपारी मी तापानं घरात पडले होते. मामा, आत्या, सगळी वस्ती भुईमूग काढायला रानात गेलेली. ठाण्याचा कानडी पोलीस जमादार सायकलवरनं आला. चांगला उंच माणूस, दारात वाकून उभा राहिला.

"येनम्मा, दुश्मनाचं स्टेशन ऐकायलाव म्हणं तुमी?"

कुणी सांगितलं ते आजतागायत कळलं नाही. माझा संशय तेव्हा सगळ्यांवर होता, अजूनही थोडा आहे.

मी उठून बसले. म्हटलं, "आमचं माणूस फौजेत हाय. त्येंचं नाव येतंय का बघायलाव."

"लायसन?"

"न्हाई."

जमादार माणूस वाईट नव्हता. टोपी काढून घाम पुसला. म्हणाला, "फौजेत हाय म्हणतीस. हेसरु येनु? नाव सांग मालकाचं. नाव लिवून घेतो, साहेबाला सांगतो फौजीचं घर हाय, रेडिओ ऱ्हाऊ दे म्हणून."

आता आली का पंचाईत! लग्नात उखाण्यातून एकदा घेतलं होतं, त्यानंतर ते नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. धर्म बदलला तेव्हा मामांनी देव गाठोड्यात बांधून ओढ्यात सोडले, उपास बंद केले, अंगारा बंद केला. पण बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे मात्र कुणाच्या गाठोड्यात बांधायचं राहून गेलं. एरवी मी कदाचित हसून ते नाव घेतलं असतं. पण तिकडं गोळ्या सुटत होत्या, आणि इथं मी जिभेनं त्यांचा एक दिवस जरी कमी केला असता तरी? तोच दिवस नेमका कामाचा असला तर?

मी पत्र काढून दिलं. "ह्यात लिवलंय, वाचा."

त्याला मराठी वाचता येत नव्हतं. त्यानं पत्र उलटंसुलटं केलं, आकडे बघितले. "गाव कोणचं हे?"

"मला काय म्हाईत? सरकार तुमचं, तुमीच सांगा."

हे बोलायला नको होतं. त्याच्या कपाळाला आठी पडली. "नवऱ्याचं नाव सांगंना, कुठं हाय ते सांगंना. कसला फौजी?"

मी दारात जाऊन हाका मारल्या. वस्तीत एक आंधळी म्हातारी आणि चार कोंबड्या. म्हातारीला आमच्या मालकांचं लहानपणाचं टोपणनाव तेवढं माहीत. ते तिनं मोठ्यानं सांगितलं, आणि ते ऐकून जमादार आणखीच बिथरला. एकदा वाटलं, उखाण्यातच सांगावं. पण जमादारापुढं उखाणा? मी पदर तोंडात धरून उभी राहिले. त्यानं तीनदा विचारलं. मग कोनाड्यातला ट्रान्झिस्टर पिशवीसकट उचलला, सायकलच्या दांडीला अडकवला आणि गेला.

मामा संध्याकाळी आले. कोनाडा बघितला, माझ्याकडं बघितलं. सगळं ऐकून म्हणाले, "नाव घेतलं असतंस तर काय आभाळ कोसळलं असतं?" आत्या मधे पडली, "बरं केलं तिनं न्हाई घेतलं." दोघांचं जुंपलं आणि मी मधे. दुसऱ्या दिवशी मामा ठाण्यात गेले. रेडिओ बिदरला साहेबाकडं गेला होता. मामांनी खेटे घातले. तो काही परत आला नाही.

चार दिवसांत लढाई संपली. आपण जिंकलो. गावात साखर वाटली, आम्हालाही दिली. हातावर साखर घेऊन मी उभी, खावी का नाही कळेना. मग तार आली. पोस्टमास्तरनं इंग्रजी वाचून सांगितलं, "सापडत न्हाईत, असं हाय ह्यात. गेले असं न्हाई. हायत असंबी न्हाई." बायका भेटायला येत, पण रडावं का नुसतं बसावं हे त्यांनाही कळत नव्हतं. एकीनं कुंकवाकडं बघून विचारलं, "ठेवायचं व्हय?" मी तिला हाकलून दिलं. आत्यानं अंथरूण धरलं. वीतभर रानात आमची तूर उभी होती. ती काढायला कुणाचा हातच उचलेना. शेंगा तडकल्या, दाणे मातीत गेले.

दोन महिन्यांनी त्यांचं कार्ड आलं, पलीकडच्या कैदी छावणीतून. त्या दिवशी आत्या उठून बसली आणि भाकरी मागितली.

मग मामांना नवाच प्रश्न पडला. "आपल्याकडं त्येंचे हजारो कैदी, त्येंच्याकडं आपले मूठभर. बाजारात बैल बदलत्यात तसं बदलून टाका की!" पण थोरांची बोलणी चालली होती म्हणे. कशाची चालली होती, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्यात वर्ष गेलं.

पुढच्या थंडीत ते आले, हुमनाबादहून चालत. वाळून काटकी झाले होते. जेवायला बसले तेव्हा कोनाड्याकडं बघून म्हणाले, "रेडिओ कुठंय?"

आत्यानं त्यांच्या ताटात कालवण वाढलं. मग आपणच सांगायला लागले, "मला बोलू दिलतं त्यांनी रेडिओवर. एकच मिनिट. काय सुचंना. नाव सांगितलो, गाव सांगितलो, म्हणलो मी धड हाय, माझी वाट बगू नका, तूर काढून घ्या. पयले दोन महिने त्याच्यावरच काढलो मी. म्हणलो, घरच्यांनी ऐकलं आसंल."

मामा खाली बघत होते. मी चुलीपुढनंच म्हटलं, "न्हाई ऐकलं. रेडिओ माझ्यापायी गेला. जमादारानं तुमचं नाव इचारलं. मी घेतलं न्हाई."

"कामून?"

"तुमचं आयुष्य कमी झालं असतं म्हणून."

त्यांचा घास हातातच राहिला. मग हळूच म्हणाले, "आता आलोय की मी. आता घे एकदा."

"नगं गं," आत्या म्हणाली, "तेवढ्यापायीच आलाय माघारी."

"घे गं," मामा म्हणाले, "त्यापायीच दोन महिने मेलो आपण."

मी तिघांकडं आळीपाळीनं बघितलं. तव्यावरची भाकरी करपली. मी नाव घेतलं नाही. त्यांनी ताट पुढं केलं आणि ती करपलेलीच मागून घेतली.